माल पोहोचवणारं यान आणि बाबांचा प्रश्न

प्रश्न : मला अवकाशक्षेत्रात यायचं आहे, पण अंतराळवीर व्हायचं नाही. अवकाशस्थानकावर अन्न, पाणी, इंधन नेऊन देणाऱ्या मानवविरहित यानांवर काम करायला आवडेल. बाबा म्हणतात, ‘एवढं शिकून शेवटी मालवाहतूकच करणार का?’ मी काय शिकू?

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिच्याकडेच वळते. ही मालवाहतूकच आहे. फक्त माल जिथे उतरवायचा ते ठिकाण सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी जवळपास २८,००० किलोमीटर वेगाने पळतंय आणि गाडीत चालक नाही. २० जानेवारी १९७८ रोजी पहिलं ‘प्रोग्रेस’ हे मानवविरहित मालवाहू यान सोव्हिएत संघाच्या सल्यूत-६ स्थानकाकडे निघालं. रसद नियमित येऊ लागली आणि १९८० मध्ये त्याच स्थानकावर दोघांनी सलग १८५ दिवस काढले. सोबत नेलेल्या शिदोरीवर एवढा मुक्काम निभला नसता.

आता एक कोडं. तुझं यान आणि स्थानक एकाच कक्षेत आहेत, स्थानक पुढे आहे. गाठशील कसं? वेग वाढवून, असंच कुणालाही वाटेल. पण वेग वाढवलास की यान वरच्या, लांबच्या वाटेला लागतं, फेरीला जास्त वेळ घेतं आणि आणखी मागे पडतं. पुढच्याला गाठायचं तर वेग थोडा कमी करून खाली उतरावं लागतं. खालची वाट आखूड, तिथला वेगही जास्त. हे वाचून कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटली ना? मग तुझी जागा गायडन्स, नॅव्हिगेशन आणि कंट्रोल या, म्हणजे यान कुठे आहे ते ओळखून त्याची वाट आखणाऱ्या आणि त्याला त्या वाटेवर ठेवणाऱ्या विभागात आहे. त्यासाठी एरोस्पेस, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल इंजिनीअरिंग चालेल, भौतिकशास्त्र किंवा गणितातूनही लोक येतात. पदवीच्या नावापेक्षा कलनशास्त्र, यांत्रिकी आणि प्रोग्रॅमिंग पक्कं असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

चूक किती महाग पडते तेही ऐक. २५ जून १९९७ रोजी ‘मीर’ या रशियाच्या अवकाशस्थानकावर एका प्रोग्रेस यानाला हाताने, दुरून चालवत जोडण्याची चाचणी सुरू होती. वेगाचा आणि अंतराचा अंदाज चुकला, सुमारे सात टनांचं यान ‘स्पेक्त्र’ या भागावर आदळलं आणि आतली हवा गळू लागली. दारातून गेलेल्या केबल कापून, झाकण लावून अंतराळवीरांनी तो भाग बंद केला, तेव्हा स्थानक वाचलं. युरोपचं एटीव्ही हे मालवाहू यान शेवटच्या क्षणी सेकंदाला जेमतेम ७ सेंटिमीटर सरकायचं, ते का, हे यावरून कळेल.

गणितापेक्षा नियोजनात तुझं मन रमत असेल, तरी या क्षेत्रात भरपूर काम आहे. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाकडे निघालेली तीन मालवाहू यानं तिथे पोहोचण्याआधीच नष्ट झाली : एक सिग्नस, एक प्रोग्रेस, एक ड्रॅगन. तरी वर कुणी उपाशी राहिलं नाही, कारण काही महिने पुरेल इतका साठा आधीच करून ठेवलेला होता. कुठल्या यानात काय भरायचं, वजनाचा तोल कसा साधायचा, परतीला कचरा किती कोंबायचा हे सगळं जमिनीवर बसलेली माणसं ठरवतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं आणि त्याबद्दल मुलांना कुणी सांगत नाही याची खंतही वाटते.

शाखा ठरवण्याआधी पुढच्या महिन्याभरात एवढं कर. पृथ्वीभोवती वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या दोन ठिपक्यांचा छोटा प्रोग्रॅम लिही. एक ४०० किलोमीटर उंचीवर, दुसरा ३९० वर. एका फेरीत खालचा ठिपका सुमारे ९४ किलोमीटर पुढे जायला हवा. चुकलं तर दुरुस्त कर, आणि आकडा जुळला की बाबांना शेजारी बसवून दाखव.