गाडी हुकामुळे तापली की आधीपासूनच तापत होती?

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराचे पत्र आले आहे. त्यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये साडेनऊ लाखांना पिकअप घेतली. वॉरंटी तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची आहे. 2024 च्या दिवाळीत गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मागे हूक बसवून त्यांनी ट्रॉली ओढायला सुरुवात केली. यंदाच्या जानेवारीत वाशीला माल उतरवून रिकामे क्रेट घेऊन परतताना कसारा घाटात टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत गेला, आणि आता हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधले सील) उडाल्याचे मेकॅनिक सांगतो. डीलरच्या वर्कशॉपने इंजिन न उघडताच हुकाचा फोटो काढला आणि ट्रॉली ओढल्यामुळे वॉरंटी मिळणार नाही, असे दोन ओळींचे पत्र 2 फेब्रुवारी 2026 रोजी दिले. या परिस्थितीत ग्राहक आयोगात जाता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

जाता येईल. परंतु आपल्या चार पानी पत्रातील साडेतीन पाने डीलरच्या उर्मटपणावर खर्च झाली आहेत आणि ज्या वाक्यावर सगळे प्रकरण उभे आहे, ते आपण कंसात टाकले आहे: दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या वेळी, 22 एप्रिल 2024 रोजी, ‘घाटात गाडी गरम होते’ अशी तक्रार जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहिली होती आणि वर्कशॉपने थर्मोस्टॅट (इंजिनातील पाण्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) बदलून दिला होता. त्या वेळी हूक नव्हता, ट्रॉलीही नव्हती. वॉरंटीची जी अट डीलर पुढे करतो, ती ट्रेलर ओढल्यामुळे झालेले नुकसान वगळते. ट्रेलर जोडला म्हणून संपूर्ण वॉरंटी रद्द होते, असे आपण पाठवलेल्या पुस्तिकेत कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा इंजिन ट्रॉलीमुळेच तापले, हे दाखवण्याची जबाबदारी मुख्यतः ही अट पुढे करणाऱ्यावर येते, आणि हूक बसवण्याच्या सहा महिने आधीची लेखी तक्रार त्या युक्तिवादाला सर्वांत मोठा अडथळा आहे.

मात्र हाच कागद आपल्यावर उलटूही शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. दोष एप्रिल 2024 मध्येच कळला होता असे आपण म्हणालात, की कंपनीचा वकील त्याच दिवसापासून मुदत मोजणार आणि ती 22 एप्रिल 2026 रोजी संपते. कारण फेब्रुवारीतील नकाराने घडले, असा प्रतिवाद करता येईल आणि तो टिकण्याचीही शक्यता आहे. विलंब माफ करण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. पण जी लढाई मुदतीत अर्ज करून टाळता येते, ती मुद्दाम ओढवून घेण्यात शहाणपण नाही. डीलरला अजून एक ईमेल, कंपनीच्या ग्राहक सेवेला अजून एक फोन, यांनी मुदत वाढत नाही. आधी कायदेशीर नोटीस पाठवलीच पाहिजे, असेही बंधन नाही.

आता ते जॉब कार्ड कोठे आहे, याचे आपले उत्तर ‘बहुधा गाडीच्या कप्प्यात होते’ असे आहे. हे वाचून मी फारसा सौम्य राहू शकत नाही. साडेनऊ लाखांच्या वस्तूचे कागद आडत्याच्या पट्टीइतक्या जपणुकीने तरी ठेवायला हवे होते. वर्कशॉपच्या संगणकात सर्व्हिसची नोंद असते. तिची प्रत आजच लेखी मागा, अर्जावर पोच घ्या आणि त्या सुमारास मोबाइलवर आलेले मेसेज जपून ठेवा. प्रत नाकारली, तर कागदपत्रे हजर करण्याचा आदेश आयोगाकडे मागता येतो.

दुसरी गोष्ट तितकीच तातडीची आहे: मेकॅनिकला हेड उघडू देऊ नका. मी मेकॅनिक नाही, परंतु अशा प्रकरणांत तज्ज्ञ जे सांगतात त्याचा मथितार्थ असा, की सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी चढावर तापत असेल, तर फॅन क्लच (रेडिएटरचा पंखा इंजिनाशी जोडणारा भाग) घसरतो का, वॉटर पंप पुरेसे पाणी फिरवतो का, रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून मातीने चोंदला आहे का आणि त्याची कॅप दाब धरते का, हे पाहावे लागते. जास्त ओझे कधी चांगले इंजिनही तापवते, तर कधी आधीपासून असलेला दोष फक्त उघडा पाडते. यातील काय खरे, हे सुटे भाग जागच्या जागी असतानाच ठरते. कलम 38 खाली आयोग वस्तूची तपासणी करवून घेऊ शकतो. त्याचा खर्च सहसा तक्रारदारालाच आधी भरावा लागतो. हंगाम थांबत नाही हे मला मान्य आहे. दुरुस्ती अटळच असेल, तर डीलर आणि कंपनी या दोघांना तारीख कळवून, चित्रीकरण करून इंजिन उघडा आणि जुना थर्मोस्टॅट, कॅप, गॅस्केट भंगारात जाऊ देऊ नका.

काटा लाल झाल्यावर रेडिएटरमध्ये पाणी ओतून गाडी इगतपुरीपर्यंत चालवत आणली, असे आपण लिहिले आहे. ते लपवू नका, कारण उलटतपासणीत ते निघेलच. मात्र त्यामुळे भरपाईची रक्कम घटू शकते, ही तयारी ठेवा. तसेच कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) बोअरचे पाणी किती काळ वापरले, याचे उत्तर आपल्या वकिलाला आधीच देऊन ठेवा.

पिकअप ‘व्यापारी हेतूने’ घेतली, म्हणून आपण कायद्याने ग्राहकच नाही, असा आक्षेप येईलच. स्वयंरोजगाराने उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे आणि व्यापारी हेतू सिद्ध करणे हे आक्षेप घेणाऱ्याचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले आहे. गाडी आपण स्वतः चालवता, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. बुडालेल्या भाड्यापोटी सहा लाख मागण्याचा मोह मात्र आवरा. ती मागणीच प्रतिपक्षाला हा आक्षेप पुरवील. दुरुस्तीचा खर्च, तपासणीचा खर्च आणि वाजवी भरपाई एवढेच मागा. नवी गाडी मिळेल, अशी आशा मी आपल्याला देणार नाही.

तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात, कंपनी आणि डीलर या दोघांविरुद्ध करा; आपण जिल्ह्यातच राहता, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कोठेही असले तरी चालते. दिलेली किंमत पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असल्याने शुल्क 200 रुपये आहे आणि ऑनलाइनही दाखल करता येते. कायदा तपासणी लागणाऱ्या प्रकरणांसाठी पाच महिने सांगतो. प्रत्यक्षात तारखांचा हिशेब वर्षांत करावा लागतो आणि त्याबाबत आपणही काही करू शकत नाही, मीही नाही. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा आहे का, हे आपण लिहिलेले नाही. नसेल, तर दोन्ही होईपर्यंत ती रस्त्यावर आणू नका.