पाळी गेल्यावर हाडांसाठी प्रोबायोटिक घ्यावं का?

प्रश्न : माझं वय ५३. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे १.८ आला. भिशीतली मैत्रीण म्हणते, प्रोबायोटिकच्या, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवंत जंतूंच्या, कॅप्सूल घे, आतडं सुधारलं की हाडं सुधारतात. खरंच का? घरचं ताक चालणार नाही का?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, मैत्रीण अगदीच हवेतलं बोलत नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि आतड्याचं अस्तर सैल पडतं. जंतूंचे अंश आत झिरपतात, तिथल्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) खवळतात. त्यातल्या काही थेट अस्थिमज्जेत जाऊन पोचतात आणि टीएनएफ, आयएल-१७ अशी दाहक द्रव्यं सोडून हाड पोखरणाऱ्या पेशींना चेव आणतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे उंदरांत दाखवलं. २०१६च्या त्यांच्या प्रयोगात जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांचं हाड इस्ट्रोजेन घटूनही झिजलं नाही! मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं.

पण तुम्ही उंदीर नाही. स्वीडनमध्ये ७५ ते ८० वयाच्या ९० स्त्रियांवर वर्षभर चाचणी झाली. रॉयटेरी जातीचा लॅक्टोबॅसिलस हा प्रोबायोटिक जंतू घेणाऱ्यांच्या नडगीच्या हाडाची झीज, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, निम्म्याच्या आसपास आली. तोच जंतू पुढे नुकतीच पाळी गेलेल्या, पन्नाशीतल्या स्त्रियांना दोन वर्षं दिला, तर काहीच फरक पडला नाही. हा निकाल २०२४चा, आणि तुम्ही याच गटातल्या. म्हणून कॅप्सूलवर पैसे घालू नका.

ताक जरूर प्या, पण ते कॅल्शियम आणि प्रथिनांसाठी. विरजणातले जंतू घरोघरी वेगळे, ते चाचणीतलेच असतील असं नाही. कढी केलीत तर उकळीला जंतू मरतात, कॅल्शियम मात्र तसंच राहतं. तुमच्या वयाला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिळतं, त्यामुळे सकाळी भाकरी, जेवणात तिळाची चटणी असं जमवा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. तळजाईच्या टेकडीवर चालायला जात असाल तर उत्तमच, पण आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायामही हवा, तोही शिकून.

उणे १.८ म्हणजे ऑस्टिओपेनिया (हाडं विरळ होऊ लागणं), अजून ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) नाही. तरी आईचा खुबा मोडला होता का, साध्या पडण्याने तुमचं हाड कधी मोडलं का, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. यातलं काही असेल तर आहार-व्यायामावर थांबू नका, औषध लागू शकतं.