जमीन ओकची, कपाटं सागवानी. त्यात अक्रोडाचं टेबल शोभेल का?

शोभेल. तुमच्या तिन्ही लाकडांच्या रंगाचा कल उबदार आहे, त्यामुळे निम्मं काम झालंय. तरी खात्री करून घ्या. लाकडाचा नमुना पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा. पिवळट-तांबूस झाक दिसली तर उबदार, राखाडी दिसली तर थंड. पिवळ्या बल्बखाली सगळीच लाकडं उबदार दिसतात, तिथे निर्णय घेऊ नका.

खरी फसगत होते ती जवळजवळ सारख्या छटांमुळे. टेबल जमिनीपेक्षा जेमतेम अर्धी छटा गडद असेल, तर जुळवायला गेलो आणि चुकलं असं वाटतं. फरक निदान दोन छटांचा, डोळ्यांत भरेल असा हवा. अक्रोड इथे त्यासाठीच योग्य आहे. टेबलाखाली सतरंजी किंवा गालिचा घातलात तर पाय थेट ओकवर टेकत नाहीत आणि दोन्ही रंग सुटे दिसतात.

अक्रोडाचा रंग एकटा पडू देऊ नका. एखादी फ्रेम किंवा फळी त्याच छटेची, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. एका खोलीत तीन छटा पुरे. पॉलिशची चमक मात्र सगळीकडे सारखी ठेवा. मॅट कपाटाशेजारी चकचकीत टेबल, रंग जुळूनही, उपरं वाटतं.

आणि हो, अक्रोड उन्हाने फिकट होत जातो, चेरीचं लाकूड उलट गडद होतं. म्हणून ताज्या नमुन्यावर अगदी काटेकोर जुळवणी करू नका.