शोधनिबंध फुकट वाचायचा, मग बिल कोणाच्या नावावर?

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांतून ओपन ॲक्सेसबद्दल, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या शोधनिबंधांबद्दल, फिरून फिरून तेच विचारलं जातंय. म्हणून एकदाच, लेखी.

प्र. ओपन ॲक्सेसमध्ये छापायचं तर पैसे भरावेच लागतात ना? (कळवा)
नाही. डीओएजे ही ओपन ॲक्सेस नियतकालिकांची सूची उघडा. त्यातली निम्म्याहून अधिक नियतकालिकं लेखकाकडून छदामही घेत नाहीत.

प्र. 'नेचर' एका लेखाचे साडेनऊ हजार युरो घेतं म्हणे. इतके कशाला? (ऐरोली)
२०२१मध्ये 'नेचर'मध्ये लेख खुला छापण्याची सोय सुरू झाली तेव्हा ९,५०० युरो हाच दर होता. संपादनाला, सर्व्हरला खर्च येतो, मान्य. पण लेख तपासणारे प्राध्यापक बहुधा बिनपैशाने राबतात, आणि दरात नावाचीही किंमत असते. हायब्रिड, म्हणजे वर्गणीचे आणि खुले असे दोन्ही लेख छापणाऱ्या, नियतकालिकात तर लायब्ररी वर्गणी भरते आणि लेखक वेगळं शुल्क! तिथे वर्गणीच्या मार्गानेच छापलंत तर हा भुर्दंड नाही. ग्रँटमध्ये तरतूद आहे का, हे लेख पाठवण्याआधी अकाउंट्सला विचारा.

प्र. आमचं कॉलेज खासगी, विनाअनुदानित. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आम्हाला लागू आहे? (कोपरखैरणे)
संस्थांना नियतकालिकं वाचता यावीत म्हणून केंद्र सरकार एकत्र वर्गणी भरतं, ती ही योजना. २०२५ ते २०२७साठी ६,००० कोटींच्या या योजनेचा पहिला टप्पा सरकारी संस्थांचा आहे. ग्रंथपालांकडे चौकशी करा.

प्र. व्हॉट्सॲपवर आलंय: 'तीन दिवसांत प्रकाशन, १,८०० रुपये, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, यूजीसी केअर मान्य, सर्टिफिकेट मोफत.' थिसिस अडलाय, भरू का? (घोडबंदर रोड)
भरू नका. केअर ही मान्य नियतकालिकांची यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्येच बंद केली. 'केअर मान्य'चा शिक्का आजही मारणाऱ्यावर विश्वास कसला ठेवता? आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे. खरा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा इतर शोधनिबंधांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो तो आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. 'ग्लोबल', 'सायंटिफिक' असली शेपटं लावलेले आकडे विकतचे. आणि तीन दिवसांत परीक्षण? तेवढ्यात परीक्षक ईमेलला उत्तरही देत नाही. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला अमेरिकी न्यायालयाने २०१९मध्ये असल्याच फसवणुकीपायी पाच कोटी डॉलरहून अधिक भरायला सांगितलं, तरी हा धंदा थांबलेला नाही. खरं नुकसान त्या १,८०० रुपयांचं नाहीच. लेख एकदा तिथे छापला की चांगलं नियतकालिक तो घेत नाही, आणि मागे घ्यायला गेलात की हे लोक पुन्हा पैसे मागतात. वर्षभराचा डेटा क्यूआर कोडवर उधळू नका. शिवाय यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाची वेगळी अट असेल तर 'सिनियर म्हणाला' पुरत नाही. गाइडकडून लेखी घ्या.

प्र. वर्गणीच्या नियतकालिकात छापलेला लेख पैसे न भरता खुला करता येतो? (खारघर)
बहुतेक वेळा येतो. प्रकाशकाची सजवलेली पीडीएफ नव्हे, तर परीक्षणानंतर स्वीकारलेली तुमची वर्ड फाइल संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवायची. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचं (डीबीटी-डीएसटी) २०१४चं धोरण त्यांच्या निधीवरच्या कामासाठी हेच सांगतं. लेख खुला करायला किती महिने थांबायचं ते प्रकाशकागणिक बदलतं, म्हणून करारपत्र ग्रंथपालांना दाखवूनच अपलोड करा. ती फाइल मात्र आजच शोधा. सहलेखकाने लॅपटॉप बदलला की ती कुणाकडेच सापडत नाही.