इंग्लंडमध्ये इयर सिक्सच्या (प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या) सॅट्समध्ये, म्हणजे राष्ट्रीय चाचण्यांमध्ये, कमी गुण पडले तर माध्यमिक शाळेचा प्रवेश हुकतो का?

नाही, सरकारी माध्यमिक शाळेचा प्रवेश सॅट्सवर ठरत नाही. तारखाच बघा: शाळा कोणती मिळाली हे १ मार्चच्या सुमारास कळतं, सॅट्स मे महिन्यात होतात आणि निकाल जुलैत लागतो. पेपर फक्त वाचन, गणित आणि व्याकरण-स्पेलिंगचे. लेखनाचं मूल्यमापन शिक्षकच करतात. निकालातले ८० ते १२० हे आकडे टक्के नव्हेत. १०० म्हणजे अपेक्षित पातळी गाठली, त्यामुळे ९८ पाहून पेढे वाटायची घाई नको! मात्र काही माध्यमिक शाळा सुरुवातीला मुलांचे गट पाडताना हे गुण विचारात घेतात. ग्रामर स्कूल म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळा; त्यांच्या प्रवेशासाठीची इलेव्हन प्लस ही परीक्षा पूर्ण वेगळी.