शिबिरात ३० पैकी २१ आले म्हणजे डिमेंशिया (स्मृतिभ्रंश) झाला असं नाही

तुमचा प्रश्न असा की आई ६७ वर्षांच्या, सातवी पास, वडील जाऊन आठ महिने झाले, ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिबिरात मेमरी टेस्टमध्ये ३० पैकी २१ आले आणि तिथल्या माणसाने "डिमेंशियाची सुरुवात दिसतेय" असं सांगून टाकलं, आता भाऊ म्हणतो डायरेक्ट एमआरआय करू आणि पुण्याला नेऊन मोठी टेस्टिंग करू, तर हे सगळं लागतं का. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मेमरी क्लिनिकमध्ये बरीच वर्षं हेच केलंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी ते २१ बघू. कागदाचा तपशील टाकलात ते फार बरं केलंत, बहुतेक लोक नुसता आकडा सांगतात. ही टेस्ट एमएमएसई, १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन मंडळींनी काढलेली, डॉक्टरला खाटेजवळ बसून दहा मिनिटांत अंदाज यावा म्हणून. २४ च्या खाली गेलं तर पुढे तपासा असा सर्वसाधारण रिवाज. आता आईंचे ९ मार्क गेले कुठे? शंभरातून सात सात वजा करत जा, त्यात ५ पैकी शून्य. एकमेकांत अडकलेले पंचकोन काढा, शून्य. एक वाक्य लिहा, शून्य. तारीख विचारली तर त्यांनी तिथी सांगितली, ती कालनिर्णयप्रमाणे बरोबर होती असं तुम्हीच लिहिलंय, पण कागदावर चूक. हे झाले ८. आणि मघाशी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी दोन आठवले, एक राहिला. म्हणजे मेमरी टेस्टमध्ये मेमरीचा गेलेला मार्क एकच! बाकीचे आठ, ज्या बाईने पन्नास वर्षांत हातात पेन्सिल धरली नाही तिच्याकडून शाळेचं काम मागितल्यामुळे आणि तिथी न धरल्यामुळे गेलेत.

ही अडचण काही मला आज सुचलेली नाही. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच दिसलं, म्हणून १९९५ मध्ये त्यांनी निरक्षर लोकांसाठी याच टेस्टची बदललेली आवृत्ती, हिंदी एमएसई, मांडली, त्यात शंभरातून सात ऐवजी वीसातून तीन वजा करायला सांगतात, आणि साल विचारण्याऐवजी आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ ते विचारतात. दुसरी चालणारी टेस्ट मोका, २००५ ची, तिच्यात शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक मार्क जास्त देतात. एका मार्काने सातवी आणि एमए मधलं अंतर कसं भरून निघतं हे मला कधी कळलेलं नाही. (हीच ती मोका, जिच्यात ट्रम्पना २०१८ मध्ये ३० पैकी ३० मिळाले आणि जगभर गाजावाजा झाला. शिकलेल्या धडधाकट माणसाला तिच्यात चांगले मार्क पडतातच, ती हुशारी मोजायची टेस्ट नाही.)

आता गणित सांगते, शिबिरवाल्यांना कुणी हे सांगत नाही. भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेंशिया साधारण ७.४ टक्के. समजा शिबिराला १००० जण आले, त्यातल्या ७० जणांना खरंच आजार आहे. समजा टेस्ट चांगली आहे, शंभर आजाऱ्यांतले नव्वद पकडते, आणि शंभर धडधाकटांतल्या पंधरांना उगाच पकडते. म्हणजे खरे सापडले ६३, आणि ९३० निरोग्यांपैकी १४० जण विनाकारण यादीत. "पॉझिटिव्ह" निघालेल्या दोनशेतल्या दोन तृतीयांश लोकांना काही झालेलंच नाही! आणि तिथे कमी शिकलेले, कमी ऐकू येणारे, चष्मा घरी विसरून आलेले लोक जास्त असतील तर विचारूच नका. म्हणून स्क्रीनिंगचं काम एवढंच, पुढे तपासायचं की नाही ते सांगणं. निदान सांगायचा अधिकार त्या कागदाला नाही, त्या माणसाला तर नाहीच.

पण उलटही होतं, ते जास्त घातक. निवृत्त प्राध्यापक, २९ मार्क, घरचे निर्धास्त, आणि इकडे साहेब बँकेचे व्यवहार गोंधळायला लागलेत. शिकलेला माणूस अशा सोप्या टेस्टमध्ये बराच काळ तग धरतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या डिमेंशियात तर सुरुवातीला स्मरणशक्ती ठीक असते, बिघडतं ते वागणं, म्हणजे अचानक शिवीगाळ, नको ती खरेदी, कशाचंच सोयरसुतक नाही. तिथे २९ मार्कांना काय अर्थ?

मोठी टेस्टिंग, म्हणजे न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट, यात वेगळं काय. दोनतीन तास लागतात, दमलं तर दोन बैठकी. एक उदाहरण देते. १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची, दर वेळी किती आठवले ते लिहायचं, मग मध्ये दुसरंच काम द्यायचं आणि वीसतीस मिनिटांनी परत विचारायचं, शेवटी "हा शब्द यादीत होता का" असं एकेक ओळखायला लावायचं. अल्झायमरमध्ये (डिमेंशियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) बऱ्याचदा शब्द आत साठतच नाहीत, त्यामुळे खूण दिली तरी ओळख पटत नाही. दुःखात, डिप्रेशनमध्ये असलेला माणूस आधीच "नाही हो आठवत" म्हणून हात टेकतो, पण ओळखायला सांगितलं की बरेचसे बरोबर सांगतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात सगळंच संथ होतं. म्हणजे आम्ही किती मार्क पडले यापेक्षा कसे पडले ते बघतो, आणि तुलना त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या लोकांशी करतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची २००४ ची बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच, वय, शिक्षण आणि स्त्रीपुरुष असे वेगवेगळे नॉर्म्स (तुलनेचे आकडे) देते, हाच तिचा मोठा उपयोग, पण ते पासष्टीपर्यंतचेच, आईंना जसेच्या तसे लावता येत नाहीत. मराठीचं मात्र दुखणं आहे, आयसीएमआरने (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) अशा टेस्टचा टूलबॉक्स केला तेव्हा पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम, आपण नाही. त्यामुळे मराठीत टेस्ट घेणाऱ्याचा अनुभव फार मोजावा लागतो.

मग तुम्ही काय करायचं? एमआरआय आणि टेस्टिंग दोन्ही आज नाही. आधी फिजिशियनकडे जा, आणि आईंच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, वडील गेल्यावर चालू झालेली झोपेची गोळी तर नक्कीच, तिच्याने विसराळूपणा येऊ शकतो (स्वतःच्या मनाने बंद करू नका). बी१२, थायरॉइड, सोडियम, शुगर तपासा. शाकाहारी घर लिहिलंय म्हणून बी१२ वर जोर देतेय, पुण्यात केईएमच्या डॉ. याज्ञिकांचं त्यावर कितीतरी काम आहे. कान तपासा. या काळात कधी पडल्या असतील, डोक्याला लागलं असेल तर ते पहिल्यांदा सांगा, मग स्कॅन लगेच लागेल. आणि मनाचं बघा. झोप नाही, जेवण कमी, देवळात जाणं बंद, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत पण माझी नजर तिथेच अडकली. ज्येष्ठांमधलं डिप्रेशन हेरायला जीडीएस नावाची १५ हो-नाही प्रश्नांची यादी असते, तीही स्क्रीनिंगच, पण सायकियाट्रिस्टकडे जायचं की नाही ते कळतं. "जगून काय करू" असं कधी बोलल्या तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर, किंवा टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

हे सगळं नीट होऊन तीनेक महिन्यांनी सुद्धा दूध गॅसवर विसरणं, तोच प्रश्न परत परत विचारणं चालूच असेल, किंवा त्याआधीच वाढत गेलं, तर न्यूरॉलॉजिस्ट आणि टेस्टिंग. टेस्ट घेणारी व्यक्ती आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का ते विचारा, नोंदणी नंबर मागायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचार विभागात चौकशी करा, खर्च पुष्कळ कमी येतो, वेटिंग असतं. सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून, चष्मा घालून न्या. दहा वर्षांपूर्वी आई काय काय करायच्या (भिशीचा हिशोब, एसटीने एकट्या माहेरी जाणं, मसाल्याचं प्रमाण) आणि त्यातलं आता काय सुटलं हे लिहून न्या, आमच्यासाठी ते निम्मं काम आहे.

आणि भावाला सांगा, व्हिडिओ कॉलवर आईकडून रोज कागदावर घड्याळाचं चित्र काढायचा सराव घेणं बंद कर, टेस्टमध्ये तेही काढायला लावतात. सरावाने मार्क वाढतात, मेंदू आहे तिथेच राहतो, आणि मग खऱ्या टेस्टच्या दिवशी आम्हाला काहीच समजत नाही.