आधी पत्ता, मग मजकूर

प्रिय पोरी,

आयडा बी. वेल्स या झुंडबळींविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन पत्रकार बाईंच्या कागदांचे शेकडो फोटो काढलेस आणि एकाखालीही खोक्याचा, फोल्डरचा क्रमांक नाही. मग गोंधळ होणार नाही तर काय? कागदावर कॅमेरा धरण्याआधी फोल्डरच्या लेबलाचा फोटो. फोल्डर बदलला की पुन्हा लेबल. कंटाळा आला तरी लेबल.

शिकागो विद्यापीठातला हा संग्रह 1884 ते 1976 चा. बाई वारल्या 1931 साली. म्हणजे बरंच काही त्यांच्या माघारी जमलेलं. लेक अल्फ्रेडा डस्टर हिने आईचं अपुरं आत्मचरित्र 1970 साली छापून आणलं. ते उतारवयात आठवून लिहिलेलं. बाईंची मेम्फिस शहरातली डायरी मात्र 1885-87 ची, त्या त्या दिवसांतली. तू दोन्ही एकाच रकान्यात कोंबलंस! तारखा जुळल्या नाहीत तर डायरीकडे कल ठेव.

झुंडबळींवरचा बाईंचा मे 1892 चा अग्रलेख सापडत नाही म्हणतेस. सापडायचा नाही. तो छापणाऱ्या 'फ्री स्पीच' या त्यांच्या वर्तमानपत्राचं कार्यालय जमावाने फोडलं. मजकूर उरला तो मेम्फिसच्या गोऱ्या वर्तमानपत्रांनी बाईंवर आग पाखडताना उतरवून घेतला म्हणून, आणि बाईंनी त्याच वर्षी 'सदर्न हॉरर्स' या आपल्या पुस्तिकेत पुन्हा दिला म्हणून. तेव्हा तळटीपेत 'सदर्न हॉरर्स' लिही. न पाहिलेल्या अंकाचा हवाला द्यायचा नाही.

शोधताना 'आयोला' हे टोपणनाव आणि 1895 च्या लग्नानंतरचं वेल्स-बार्नेट, दोन्ही घालून बघ. नुसतं 'वेल्स' टाकलंस तर अर्धं आयुष्य निसटेल.

हा काटेकोरपणा तुला कोरडा वाटतो. मला खडूस म्हणतात, म्हणोत. 'अ रेड रेकॉर्ड' या पुस्तिकेत बाईंनी झुंडबळींची नावं, तारखा, गावं, आरोप ओळीने मांडले आणि आकडे मुद्दाम गोऱ्यांच्या 'शिकागो ट्रिब्यून'मधून घेतले, फुगवले म्हणायची सोय राहू नये म्हणून. जिवाची धमकी असलेली बाई आकडा कुठून आला ते सांगते. तुला साधा फोल्डर क्रमांक जड होतो?

आता संग्रहाची सूची उघड. फोटोतला मथळा आणि तारीख तिच्याशी ताडून क्रमांक भर. जे जुळणार नाहीत ते वेगळे काढ. त्यांतलं एक वाक्यही प्रबंधात नको. पुन्हा गेलीस तर पेन्सिल ने, टेबलावर एका वेळी एकच फोल्डर उघड, कागदांचा क्रम हलवू नकोस. हे झालं की दुसरं प्रकरण पाठव. त्याआधी नाही.